लेक सुपिरियरची टूर: बेटावर उतरवलंच नाही आणि थंड पाण्याबद्दल एक शब्द नाही

नमस्कार,

आम्ही फोंड्याचे, जूनमध्ये तुमच्या पणजी ऑफिसमधून अमेरिकेची टूर केली, त्यात लेक सुपिरियर या मोठ्या तळ्यातल्या अपॉसल आयलंड्स बेटांचे दोन दिवस होते. ते दोन दिवस बघूनच आम्ही बुकिंग केलेलं. १९७० पासून राखून ठेवलेला भाग आहे, आता २१ बेटं आहेत त्यात, ना शॅक ना हॉटेल, आणि तुमच्या प्रोग्रामवर छापलंय "बेटावर तीन तास, दीपगृह बघणे". बेफील्डच्या धक्क्यावरून बोट सुटली ती बेटांच्या कडेकडेने फिरवून परत धक्क्यावर. डेव्हिल्स आयलंडच्या दगडातल्या गुहा बोटीतून दिसल्या, खोटं कशाला बोलू, डोळ्यांचं पारणं फिटलं, पण पाय कुठल्याच बेटाला लागला नाही. रायबंदरहून फेरीने चोडणला जायचं आणि अभयारण्यात न उतरता परत यायचं, असं झालं हे. सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, "आता उतरायचं ना गो?" मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशीचं तर सांगताना अजून हात कापतात. तुमच्या सामानाच्या यादीत काय, तर स्विमिंगचे कपडे, कॉटनचे टीशर्ट, सनस्क्रीन. त्याच तळ्याकाठच्या मायर्स बीचवर पोचल्याबरोबर माझा चौदा वर्षांचा मुलगा, समुद्राकाठी वाढलेला पोर, नेहमीसारखा धावत पाण्यात शिरला. छातीपर्यंत गेला आणि श्वासच अडकला, हाक मारायला आवाज फुटेना. ह्यांनी ओढून बाहेर काढला. ओठ निळे, जाकिटाची चेन लावायला बोटं वळत नव्हती, मी लावली. तिथे कयाकवाल्यांचा (वल्ह्याच्या छोट्या होड्या) एक गाइड होता त्याने ब्लँकेट दिलं आणि सांगितलं की हे तळं ४०० मीटरहून खोल आहे, जूनमध्येसुद्धा पाणी बहुतेक वेळा १० अंशांच्या खालीच असतं, त्या गारठ्याने माणूस आपोआप जोरात श्वास आत ओढतो, तेव्हा तोंड पाण्यात असलं तर संपलंच. म्हणून तिथले कयाकवाले वेटसूट, म्हणजे गार पाण्यात अंग गरम ठेवणारा पोशाख, घालूनच उतरतात. ही गोष्ट तिकडच्या पोरासोरांना ठाऊक, आणि तुमचा टूर मॅनेजर म्हणतो "बीच म्हटल्यावर पाणी थंड असेल हे काय सांगायचं?" अहो, आमच्याकडे जानेवारीतही लोक समुद्रात डुंबतात, आम्हाला कसं कळणार?

बेटावर उतरायचे म्हणून घेतलेले चौघांचे पैसे १५ दिवसांत परत करा. आणि पुढच्या ग्रुपच्या यादीत पाण्याचा गारठा आणि वेटसूट ह्या दोन गोष्टी मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, ती यादी छापली की मला पाठवा, पैशांपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं आहे.

प्रोग्रामचा कागद आणि बोटीचं तिकीट, दोन्हीचे फोटो जोडलेत. बोट कुठल्याही बेटाला लागणार नाही हे तिकिटावरच छापलंय, आणि तिकीट तुम्हीच महिनाभर आधी काढलेलं.

आपली,
एक ग्राहक, फोंडा