गुड फ्रायडेला मिस्सा नसते हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात परवा बातमी आली की 'गुड फ्रायडेनिमित्त वसईतल्या चर्चमध्ये विशेष मिस्सा झाली'. पस्तीस वर्षं आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गातोय म्हणून सांगतो, त्या दिवशी मिस्सा, म्हणजे फादर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात तो विधी, नसतेच. गुरुवारी संध्याकाळची मिस्सा झाली की मग थेट शनिवारी रात्री, मधे कुठेच नाही, रोमला पण नाही. शुक्रवारी दुपारी तीनला असते ती उपासना. येशूच्या दुःखसहनाचं वाचन, मग प्रार्थना, क्रूसाला वंदन, आणि कम्युनियन (अर्पण केलेली भाकर) देतात तो पण आदल्या दिवशीच्या मिस्सेतला राखून ठेवलेला. तुम्ही म्हणाल एका शब्दाचं काय एवढं, पण अहो ईस्टरआधीचा सगळा आठवडा त्या 'नसण्या'वरच तर उभा आहे.

झावळ्यांच्या रविवारी गर्दी, पोरं एकमेकांना झावळीने टोचत असतात, बायका मिस्सा चालू असतानाच पात्यांचे क्रूस विणतात. तीच झावळी वर्षभर घरच्या अल्तारामागे (वेदीमागे) वाळते, मग परत गोळा करून जाळतात आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी) तीच राख आपल्या कपाळावर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, फोटो पण छान येतात.

खरी गंमत गुरुवारी. फादर बारा जणांचे पाय धुतात. आधी पुरुषच बसायचे, २०१६ ला पोप फ्रान्सिसनी नियम बदलला तेव्हापासून बायकाही बसतात. आमच्या आळीतली एक मावशी, पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जाणारी, तिला बसवलं तर दोन दिवस टाचा दगडाने घासत होती, फादरांपुढे भेगा नकोत म्हणून! सगळेच घरून पाय धुऊन येतात, मग फादर काय धुणार.

त्याच मिस्सेत ग्लोरियाला (देवाच्या गौरवाच्या गीताला) घंटा वाजतात, चर्चवरच्या आणि अल्तारावरच्याही, आणि मग बंद. आमचा कीबोर्ड पण नुसता सूर धरायला, बाकी गप्प. घंटेच्या जागी लाकडाची फळी वाजते, खट खट. अल्तारावरचं कापड, मेणबत्त्या, फुलं सगळं काढतात, साक्रामेंत (ती राखून ठेवलेली भाकर) बाजूच्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि तिथे वाड्यावाड्यांचे लोक आळीपाळीने रात्री जागायला बसतात. बाहेर चांदणं असतंच, कारण ईस्टर पौर्णिमेवरच ठरतो, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा रविवार. २०२३ ला तर हनुमान जयंती आणि आमचा गुरुवार एकाच दिवशी आला होता, ६ एप्रिलला, आमचे शेजारी तिकडे देवळात आणि आम्ही इकडे, दोघांकडे जागरण.

शुक्रवारी फादर लाल वस्त्रांत येतात आणि एक शब्द न बोलता रिकाम्या अल्तारासमोर पालथे पडतात. दीड हजार माणूस गुडघ्यावर, पंखे सोडले तर आवाज नाही. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन तिघं मिळून वाचतात आणि जमावाची वाक्यं आम्ही लोकांनी म्हणायची असतात, 'त्याला क्रूसावर खिळा' हे पण आम्हीच ओरडायचं, इतकी वर्षं झाली तरी माझा आवाज तिथे बसतो. त्यानंतर दहा प्रार्थना, त्यात देव न मानणाऱ्यांसाठी एक आणि राज्यकर्त्यांसाठी एक (फ्लेक्सवर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' लावणारे पण त्यात आले). घरी पेज आणि कैरीचं लोणचं. उपासाचा नियम १८ ते ५९ वयाला, माझी सुटका होऊन चार वर्षं झाली पण बायको पेजेशिवाय काही रांधतच नाही त्या दिवशी.

आता तुमच्यावर राग काढून झाला, तर थोडा आमच्यावर पण. शनिवारी रात्रीचा पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, जागर आमच्याकडे दोन वर्षं झाली सातला सुरू होतो. का तर लहान मुलं, म्हातारी माणसं, रिक्षा मिळत नाहीत. नियम असा की अंधार पडल्याशिवाय सुरू करायचा नाही, आणि एप्रिलमध्ये सातला वसईत नीट अंधार असतो का? चर्चबाहेर आग पेटवतात, तिच्यावर मोठी पास्काची मेणबत्ती लावून अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत मागपर्यंत जाते. यंदा आकाश अजून निळं, त्यात पटांगणातला हॅलोजन कोणी बंद केला नाही, आग पेटली ते मागच्यांना कळलंच नाही. जुन्या करारातली वाचनं सात असतात, तीनच घेतली. कमीत कमी तीन चालतात, बरोबर आहे, पण आम्ही दरवर्षी कमीत कमीच करतो.

माझी आजी सांगायची की तिच्या वेळी हे सगळं शनिवारी सकाळीच उरकायचे, उन्हात मेणबत्त्या पेटवून. ते पण कोणी मुद्दाम केलं नव्हतं, शेकडो वर्षांत सोयीसोयीने अलीकडे सरकत गेलं. पोप पायस बारावे यांनी १९५१ ला आधी प्रयोग म्हणून आणि १९५६ पासून सगळीकडे ते परत रात्री नेलं. आजीला म्हणे पहिल्या वर्षी ते आवडलंच नाही, झोप मोडते म्हणून. नंतर मात्र ती पहिल्या बाकावर. आता आम्ही परत सातपर्यंत आलोय, अजून थोडी सोय बघितली की चार वाजता ऊनच आहे. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) मीटिंगमध्ये मी हे बोललो तर सगळे 'बघू' म्हणाले.

तर पुढच्या वर्षी बातमीत 'उपासना' लिहा, एवढीच विनंती. आणि वार्ताहराला शुक्रवारी नको, शनिवारी पाठवा, आठनंतर सुरू होणारं एखादं चर्च शोधून. मेणबत्ती दारातच देतात, खाली कागदाचा द्रोण लावून घ्यायला सांगा, नाहीतर मेण सरळ बोटावर पडतं.

आपला,
एक वाचक, वसई