अभ्यासिकेतल्या ताईला

प्रिय ताई,

तुझं पूर्ण नावही मला माहीत नाही. तरी सगळ्यांसमोर तुझे आभार मानायचेत, म्हणून हे पत्र.

अकरावीला फंक्शन सुरू झाल्यापासून एक शंका डोक्यातून जात नव्हती. एफ(एक्स) = १/(एक्स − २) आणि जी(एक्स) = १/एक्स. एफमध्ये जी घालून सोपं रूप दिलं की एक्स/(१ − २एक्स) उरतं. त्यात शून्य टाकलं तर काहीच अडत नाही, उत्तर शून्य येतं. मग डोमेनमधून, म्हणजे एक्सला चालणाऱ्या किमतींमधून, १/२ सोबत शून्यही का काढायचं? क्लासमध्ये विचारलं, तर सर म्हणाले, "लिहून घे. सीईटीला ऑप्शन टाकून बघता येतं." पुन्हा विचारलं तेव्हा मागची मुलं हसली आणि सर फळा पुसायला लागले. आईनं त्या क्लासची फी हप्त्याहप्त्यानं भरलीय. माझा राग अजून गेलेला नाही.

तू एमपीएससीचं पुस्तक मिटून माझी वही ओढून घेतलीस आणि त्या सोप्या रूपावर तळहात ठेवलास. "हे अजून झालंच नाहीये. शून्य आधी कुठे जाईल?"

जीमध्ये. तिथे १/० होतं, म्हणजे एफपर्यंत ते पोचतच नाही. १/२ मात्र जीमधून २ होऊन बाहेर पडतं आणि एफच्या छेदात अडकतं. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी अडतात, हे मला त्या झाकलेल्या ओळीमुळे दिसलं. आता कुठलंही गणित सोडवताना सोप्या रूपावर माझाच हात जातो. एक्सच्या वर्गमुळाला त्याच वर्गमुळानं गुणलं की नुसता एक्स उरतो, पण ऋण संख्या तरीही चालत नाहीत, हेही त्यातूनच उलगडलं.

तुझी पूर्वपरीक्षा तोंडावर होती, ताई. तरी घड्याळाकडे पाहिलं नाहीस, "एवढंही येत नाही?" असं म्हणाली नाहीस. विचारणाऱ्याला लाज वाटू न देणारी माणसं फार थोडी भेटतात. उद्या तू ज्या कचेरीत बसशील, तिथे आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी उगाच हेलपाटे घालायला लावणार नाही, याची मला खात्री आहे.

आमचं आता लॉग सुरू झालंय. आधी लॉग एक्स, मग त्याचं वर्गमूळ, अशा फंक्शनचं डोमेन मी एकटीनं काढलं. पाया १० आहे. लॉगला एक्स शून्याहून मोठा हवा, वर्गमुळाला लॉग एक्स शून्य किंवा जास्त हवा, म्हणून एक्स १ किंवा त्याहून मोठा. तुझा पेपर झाला की वही घेऊन येते, तपासून दे.

तुझी,
खिडकीजवळच्या टेबलावरची