शनिवार-रविवारचा बाप होऊ नकोस

प्रिय सुहास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चांगला बाप व्हायची आपली तयारी आहे का, असं विचारलंयस आणि खाली तापट स्वभाव, घराचे हप्ते आणि वडिलांशी कधीच मोकळं बोलणं न होणं, अशी तीन कारणं दिलीयस. तापटपणाचं पुढे लिहितो. बाकी दोन गोष्टींनी बापपण अडत नाही. मला काळजी वाटली ती तू सहज लिहून गेलेल्या वाक्याची : ‘बाळंतपण कराडला, ती तीन महिने तिकडेच, मी शनिवार-रविवार जाईन.’

आपल्याकडे बाप पाहुणा होतो तो इथेच. अंघोळ आजी घालते, मालिशला बाई येते, जावयाच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ ठेवतात आणि रडलं की उचलून नेतात. तीन महिन्यांनी मायलेकरं पुण्याला येतात तेव्हा मृण्मयीचा हात बसलेला असतो आणि तुझा कोराच. मग ‘दे इकडे, तुला नाही जमायचं’ सुरू होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

म्हणून रजेचा हिशोब आत्ताच मांड. केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा असते. खासगीत तसा कायदा नाही, कंपनी देईल तेवढीच. साठवलेली रजा धरून १२ दिवस जमले, तर सगळे बारशाआधी उडवू नकोस. निम्मे दवाखान्यासाठी आणि दूध नीट सुरू होईपर्यंत वापर, निम्मे सहाव्या आठवड्यासाठी राख. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं आणि साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं. तोवर मदतीची माणसं पांगलेली असतात.

कराडला असशील तेव्हा रात्री त्याच खोलीत झोप. सासूबाईंना अवघड वाटेल, तेव्हा मृण्मयीला आधीच त्यांच्याशी बोलायला सांग. पाजणं तिचं; त्याच्या मागचं-पुढचं सगळं तुझं. बाळ उचलून तिच्याजवळ देणं, पाजून झाल्यावर उभं खांद्यावर धरून ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं. झोपवायचं पाठीवरच, बाजूला उशी-गोधडीचा ढीग नको. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, म्हणजे हात बसायला आठवडाही पुरतो. सिझेरियन झालं आणि तिला वॉर्डात यायला वेळ लागला, तर डॉक्टरांना विचारून बाळाला आपल्या उघड्या छातीवर घे, वरून चादर. बाळाला ऊब मिळते.

बाळाचं वजन आणि ओले लंगोट लिहायला एक वही ठेव. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दूध पुरत नाही, डब्याचं सुरू करा.’ पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टर. दोनेक आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि काळी शी पिवळी झाली असेल, तर सहसा दूध पुरतंय. गरज नसताना बाटली दिली की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, आणि म्हणणाऱ्याचं खरं ठरतं. अशा वेळी वही दाखवणारा माणूस तू हवास. टाके दुखत असताना तिला वाद घालायला लावू नकोस.

वडीलधाऱ्यांशी भांडू नकोस, पण चार ठिकाणी ठाम राहा : मध चाटवायचा नाही (वर्षाच्या आत त्यातल्या जंतूंचं विष बाधू शकतं), सहा महिने गुटी-पाणी नाही, कानात-नाकात तेल नाही, आणि खोलीत धुरी नाही. दुपटं गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू देऊ नकोस, खुब्याचा सांधा बिघडू शकतो. दिंकाचे लाडू, शेपा, गाणी, सगळं खुशाल चालू दे.

आता तापटपणा. रात्री तीनला तासभर रडणाऱ्या बाळाचा राग येणं हा दोष नाही. त्या रागात बाळाला गदागदा हलवणं जीवघेणं असतं, कारण मान लुळी असते आणि मेंदूभोवतीच्या शिरा तुटतात. राग चढतोय असं वाटलं की बाळाला पाठीवर सुरक्षित ठेव, दार ओढून घे, पाच-दहा मिनिटं बाहेर जा. रडून बाळाला इजा होत नाही. तीन महिन्यांच्या आत मात्र ताप १००.४ फॅरनहाइट झाला, किंवा बाळ प्यायचंच थांबलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना.

मृण्मयीकडेही लक्ष ठेव. पहिले काही दिवस उगाच रडू येणं नेहमीचं. दोन आठवड्यांपुढे टिकलं, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, ‘मी नसलेलीच बरी’ असं काही बोलली, तर थांबू नकोस. डॉक्टर गाठ, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत. नाव ठरलं नसेल तरी होते.

आणि आजच एक काम कर. तिच्या फाइलमधला रक्तगट बघ. ती निगेटिव्ह आणि तू पॉझिटिव्ह असशील, तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. तिचा सहावा महिना संपत आलाय. दोघांचे गट मला कळव.

तुझा,
अनिरुद्ध