अँप बदलला, ओटी तीच

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमच्या पेपरात साउंडबार, होम थिएटरच्या एक्सचेंज ऑफरची पानंच्या पानं येतात, म्हणून लिहितोय. मी देवगडचा, वय ५८. बारा वर्षांत तीन अँप्लिफायर आणि चार जोड स्पीकर झाले, म्हणजे यावर बोलायचा हक्क खिसा रिकामा करून मिळवलाय.

गेल्या वर्षी ५० वॅटचा अँप काढून १०० वॅटचा आणला, वाटलं आता दुप्पट दणका. भाचा म्हणाला, मामा, वॅट दुप्पट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे वॅट दहापट, आणि ओटीवर बसून ऐकायला तुम्ही एक-दोन वॅट तरी वापरता का? मला काय ते पटेना. मग त्याने दोन्ही अँप चादरीमागे ठेवले, आवाज मोजून सारखा केला (जरा मोठा वाजणारा आपल्याला उगाचच भारी वाटतो म्हणे) आणि अभिषेकीबुवांची सीडी लावली. दहापैकी पाच वेळा ओळखलं. छापा-काटा केला असता तरी तेवढंच! आतून बायको, "माका तर दोनय सारकेच वाटतत."

खरी गोची ओटीतच होती. चिऱ्याच्या भिंती, खाली टाइल्स, पडदा नाही, टाळी वाजवली तरी घुमायची. त्यात स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले, त्यामुळे बेस नुसता गदगदायचा. दोन फूट पुढे ओढले, खाली जाजम टाकलं, समोरच्या भिंतीला आईची गोधडी टांगली (पाहुणे विचारतात, सुकत घातलीय का?) आणि बुवांचे शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. खर्च शून्य.

अजून एक, आणि हे लिहिताना जिवावर येतंय. मध्येच एका बाजूने खरखर सुरू झाली. मागे बघितलं तर खाऱ्या वाऱ्याने वायरीचं टोक हिरवं पडलेलं. अर्धा इंच कापून नवीन जोडलं, खरखर गायब. आधीचा सेट मी याच खरखरीला कंटाळून निम्म्या किमतीत फुंकला होता.

तर ऑफरची पानं छापा, तुमचाही धंदा आहे, पण एखाद्या कोपऱ्यात वायर आणि जाजमाचं पण येऊ दे. आणि छोट्या जाहिरातीचा दर तेवढा कळवा, १०० वॅटवाला विकायचाय.

एक वाचक, देवगड