ड्रॅगन छापलेत, डोंगर राहिले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळावर पानभर लेख आला, त्याबद्दल आधी आभार. मी हा खेळ अकरा वर्षं खेळते आहे आणि मी नेमकं काय खेळते हे घरच्यांना सांगून सांगून दमले आहे. लेख त्यांच्यापुढे ठेवला की भागेल असं वाटलं होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ज्याच्याकडे मोठा ड्रॅगन तो जिंकतो, आणि पानं येणं-न येणं नशिबावर. लॉटरीच की." लॉटरी हा शब्द लेखातलाच. म्हणून हे पत्र.

लेखासोबतचं छायाचित्र मी भिंग घेऊन पाहिलं. एका मुलाने हातातली सात पानं पंख्यासारखी धरली आहेत. पाच पानांवर ड्रॅगन किंवा तसलेच दांडगे प्राणी, एक मंत्राचं पान, आणि अगदी कडेला अंगठ्याखाली अर्धं झाकलेलं एक डोंगराचं पान. लेखाचंही तसंच झालं आहे. ड्रॅगन आहेत, चेटकिणी आहेत, चित्रकारांचं कौतुक आहे, दुर्मिळ पानं जमवणाऱ्यांचे किस्से आहेत. डोंगर मात्र अंगठ्याखालीच राहिला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोघांनी आपापला डेक, म्हणजे निवडक पानांचा गठ्ठा, घरून बांधून आणायचा. प्रत्येकाचे 20 गुण. प्राण्यांनी हल्ला करून किंवा मंत्र टाकून समोरच्याचे शून्यावर आणायचे. सुरुवातीला सात पानं हातात, मग दर टर्नला एक उचलायचं. प्रत्येक पानाला किंमत असते आणि ती मॅनामध्ये चुकवायची. मॅना येतो जमिनीच्या पानांतून, ज्यांना आम्ही लँड म्हणतो. सपाट प्रदेश, बेट, दलदल, डोंगर, जंगल अशा पाच मूळ जमिनी, पाच रंगांच्या. एका टर्नला एकच जमीन मांडता येते. सहा मॅनाचा ड्रॅगन उतरवायचा तर टेबलावर सहा जमिनी हव्यात, म्हणजे लवकरात लवकर सहावा टर्न. तोवर समोरचा काही हातावर हात ठेवून बसलेला नसतो.

रिचर्ड गारफील्ड यांनी 1993 मध्ये हा खेळ आणला. ते गणिताचे अभ्यासक, आणि ते पानापानात दिसतं. स्पर्धेच्या डेकमध्ये कमीत कमी 60 पानं लागतात, आणि मूळ जमिनी सोडल्या तर एका नावाची जास्तीत जास्त चार. सुरुवातीच्या नियमांत ही चारची मर्यादा नव्हती. लोकांनी मग काय केलं असेल याची कल्पना करा.

माझा पहिला डेक 80 पानांचा होता. कमीत कमी 60 म्हणजे जास्त चालतात, आणि मला एकही आवडतं पान बाहेर ठेवायचं नव्हतं. नऊ ड्रॅगन होते. जमिनी बावीस. मी हिशेबतपासनीस आहे, तरी हा हिशेब मी केला नव्हता. पोटापाण्यासाठी लोकांच्या चुका काढते आणि आपल्या डेकपुढे मात्र आंधळी. पहिल्या स्पर्धेत पाच फेऱ्यांपैकी पाच हरले, त्यातले निम्मे डाव हातभर ड्रॅगन धरून. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

घरी येऊन आकडे मांडले. साठ पानांच्या डेकमध्ये एखादं पान चारदा घातलं, तर सुरुवातीच्या सात पानांत ते निदान एकदा येण्याची शक्यता 40 टक्के. तीच चार पानं ऐंशीच्या डेकमध्ये टाकली की 31 टक्के. म्हणजे मी माझ्या उत्तम पानांवर आपल्याच हाताने पाणी ओतत होते, आणि तेही 'ही पण असू दे' म्हणत. वीस पानं काढायला मला तीन आठवडे लागले. डेक बांधणं म्हणजे पानं घालणं हा समज तेव्हा गेला.

जमिनींचं गणित तर त्याहून रंगतदार आहे. साठात चोवीस जमिनी हा जुना, मुरलेला आकडा. त्या घातल्या की सात पानांत सरासरी 2.8 जमिनी येतात आणि दोन ते चार जमिनींचा, म्हणजे निदान खेळण्याजोगा हात साधारण 77 टक्के वेळा मिळतो. शून्य किंवा एकच जमीन येण्याची वेळ सातातून एकदा. छायाचित्रातला हात तोच. आता त्या ड्रॅगनकडे या. डावात आपण पहिले असू तर पहिल्या टर्नला पान उचलता येत नाही. सहाव्या टर्नपर्यंत बारा पानं बघून होतात, त्यात जमिनी सरासरी 4.8. सहाचा ड्रॅगन सहाव्या टर्नला उतरवणारा माणूस सरासरीहून नशीबवान असतो, आणि लेख मात्र ते रोजचं असल्यासारखं रंगवतो. म्हणून मोठी पानं डेकमध्ये दोन-तीन, एक-दोन मॅनाची भरपूर, मधली बेताची. या उतरंडीला मॅना कर्व्ह म्हणतात.

हे शहाणपण कुठून आलं याची एक गोष्ट आहे. 1996 मध्ये पॉल स्लाय नावाचा खेळाडू अमेरिकेत अटलांटाला एका पात्रता स्पर्धेत लाल रंगाचा डेक घेऊन उतरला. डेक बांधला होता जे श्नायडर यांनी. त्यातली बरीच पानं लोक हसून बाजूला टाकत अशी. आयर्नक्लॉ ऑर्क्स म्हणून दोन मॅनाचा एक प्राणी होता, जो दोन किंवा त्याहून जास्त ताकदीच्या प्राण्याला अडवूसुद्धा शकत नाही. असला भित्रा सैनिक, तोही चारदा! पण प्रत्येक टर्नला हातातला सगळा मॅना खर्च होईल अशा बेताने तो डेक रचलेला होता. समोरचे दिग्गज आपली भारी पानं उतरवायला जमिनी जमवत बसायचे, तोवर त्यांचे वीस गुण झिजलेले असायचे. तेव्हापासून तसल्या डेकचं नावच स्लाय पडलं.

दुर्मिळ म्हणजे बलवान हा लेखातला दुसरा गैरसमज. स्कलक्लॅम्प हे पान 2004 साली निघालं. दुर्मिळ पानाचं चिन्ह सोनेरी असतं. याचं रुपेरी, म्हणजे मधल्या पायरीचं. किंमत एक मॅना. ज्या प्राण्याला जोडाल त्याची ताकद एकने वाढते आणि तग धरण्याची क्षमता एकने घटते. तो मेला की दोन पानं उचला. वाचताना वाटतं, तग घटते म्हणजे तोटाच. पण एक तग असलेल्या चिल्लर प्राण्याला ते एका मॅनात जोडलं की तो जागीच मरतो आणि दोन नवी पानं हातात. त्या काळी जो तो हेच चारदा घालू लागला, आणि त्याच वर्षी स्टँडर्ड प्रकारच्या स्पर्धांतून त्याला बंदी झाली. एकही ड्रॅगन न लागता.

माझी पद्धत साधी आहे. वही ठेवते. डाव जिंकले की हरले हे त्यात एका अक्षराने लिहिते. खरा रकाना पुढचा, डाव संपला तेव्हा हातात कोणतं पान अडकून होतं. एक काळा ड्रॅगन मला फार प्रिय होता. चित्रात तो मान वळवून बघतो आहे, पाठीमागे पडका बुरूज. चौदा डावांत तो आला आणि अकरा वेळा हातातच राहिला. तीनदा उतरला; त्यातल्या दोनदा मी तसंही जिंकतच होते. त्याच्या जागी पंचविसावी जमीन, एक दलदल घातली. अति तिथे माती म्हणतात. माझ्या डेकमध्ये अति होतं, मातीच कमी पडत होती. तो ड्रॅगन आता वहीत खूण म्हणून ठेवला आहे.

एवढं कळूनही हात सोडवत नाही हे वेगळंच. एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, तिसऱ्या निर्णायक डावात मी पहिली. डेक चोवीस जमिनींचा. हातात दोन जमिनी आणि पाच पानं, सगळी चार मॅनाच्या पुढची. अशा वेळी मुलिगन घेता येतो, म्हणजे हात परत पिसून नवा घ्यायचा. 2019 पासूनच्या नियमाप्रमाणे पुन्हा सातच पानं मिळतात आणि त्यातलं नको ते एक डेकच्या तळाशी जातं. पूर्वीपेक्षा कितीतरी दयाळू नियम. पण सहा पानांनी खेळायचं माझ्या जिवावर आलं. "ठेवते," म्हणाले. तिसऱ्या टर्नपर्यंत तिसरी जमीन न येण्याची शक्यता तीनातून एकदा, हे मला पाठ होतं. आणि ती आली असती तरी चौथी लागणारच होती. समोर सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, लाल डेकचा. पहिल्या टर्नला एक प्राणी, दुसऱ्याला दोन. माझी तिसरी जमीन पाचव्या टर्नला आली, तेव्हा माझे चार गुण उरले होते. पोराने पुढच्या टर्नला विजेचं पान ठेवलं आणि हात पुढे करून म्हणाला, "काकू, तुम्हाला लँड आल्या नाहीत." कौतुकाचा पोरगा. मला लँड आल्या नाहीत हे खरं, पण तो हात ठेवला मी.

डाव संपला की जो तो जमिनींच्याच नावाने बोटं मोडतो, म्हणून काहीजण वेगळीच क्लृप्ती करतात. डेक लावताना दोन पानं, एक जमीन, दोन पानं, एक जमीन अशी रांग लावून घेतात आणि मग वरवर पिसतात. नीट पिसलं तर ती रांग मोडते, मग लावली कशाला? आणि मोडली नसेल तर ती सरळ फसवणूक आहे. पंच त्यावर दंड करतात, आणि समोरच्याला आपला डेक पिसायचा हक्क असतो तो याच साठी. मी तो नेहमी बजावते, कुणाला राग आला तरी.

उसने डेक वापरण्याबद्दल लेखकाने जो कडवट परिच्छेद लिहिला आहे तो मात्र मला पटला नाही. दुसऱ्याची यादी घेऊन खेळण्यात पाप नाही. बुद्धिबळात कुणी स्वतःची सुरुवात शोधून काढत बसतं का? अडचण येते ती साइडबोर्डला. सामना तीन डावांचा असतो आणि पहिल्या डावानंतर बाजूला ठेवलेल्या पंधरा पानांतून अदलाबदल करता येते. काय आत घ्यायचं ते सगळ्यांना सांगता येतं. काय बाहेर काढायचं ते यादी उतरवून घेणाऱ्याला ठाऊक नसतं. समोर प्राणीच नसलेला कंट्रोल डेक असेल तर माझी प्राणी मारणारी आठ पानं रद्दी आहेत, ती आधी बाहेर. एकदा मी उत्साहात अकरा पानं बदलली. सगळी त्या डेकवर जालीम. पहिला डाव जिंकलेला, पुढचे दोन हरले, कारण अकरा औषधं हातात धरून मारायला माझ्याकडे कुणी शिल्लकच नव्हतं.

सगळ्यात लाजिरवाणी आठवण सांगते आणि थांबते. मोठ्या स्पर्धेत फेरी सुरू होण्याआधी डेकची यादी लिहून द्यावी लागते. मी दिली. दुसऱ्या फेरीत पंच टेबलाशी आले, माझा डेक नेला, मोजला, परत आणला आणि हळू आवाजात म्हणाले की डेक साठचा आहे, यादी एकोणसाठची. दंड म्हणून एक डाव गेला. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्यांतली बेरीज तपासणारी बाई मी! राहिलं होतं काय, तर एक डोंगर. दहाच्या जागी नऊ लिहिले होते. ड्रॅगनांची नावं मात्र सगळी, शुद्धलेखनासकट, बरोबर. त्यामुळे लेखकाला फार बोलायचा मला अधिकार नाही, हे कबूल करते.

एक विनंती. छायाचित्रातल्या त्या मुलाने तो हात ठेवला की मुलिगन घेतला, हे आपल्या छायाचित्रकारांना आठवत असेल तर जरूर कळवावं. रविवारपासून माझ्या डोक्यात तेच आहे.

आपली नियमित वाचक