सर, माझ्या भावाचं लग्न तुम्ही थांबवलं त्यासाठी

सर, सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, भावाला विचारूनच, तो म्हणाला लिही ताई पण गावाचं नाव टाकू नको. तर अमळनेर तालुक्यातलं एक गाव, एवढंच पुरे. तुमचंही नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण शाळेत तुमच्या हाताखाली सायन्स शिकलेली पोरं ओळखतीलच.

माझा भाऊ गे आहे. त्याने घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी पहिला प्रश्न त्याला नाही, आईला विचारला, "याले हाऊ नाद कोठे लागना?" मग पुण्यावर खापर फुटलं, हॉस्टेलवर फुटलं, मोबाईलवर फुटलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, सिटिंग्जचा कोर्स सांगितला आणि वर म्हणाले की लग्न लावून द्या, आपोआप लाईनीवर येईल. आत्याने तर लगेच पारोळ्याकडचं स्थळ आणलंसुद्धा. मुलगी डी.एड. झालेली, घरची गरिबी, आणि आपल्याकडे मुली मिळत नाहीत म्हणून सगळे रडतात पण पुण्यात नोकरी असलेला इंजिनिअर म्हटल्यावर ते लोक एका पायावर तयार होते. बस्त्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या सर. भाऊ जेवत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती म्हणून मी तुम्हाला फोन केला.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. भाव नव्हता म्हणून पुढच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस भरलेला, तुम्ही त्याच कापसाला टेकून अप्पांच्या शेजारी बसलात, अंगाला खाज सुटत होती, मानेवर लाल झालेलं मला दिसत होतं, पण उठला नाहीत. आणि अप्पांनी तोच नादाचा प्रश्न केला तेव्हा तुम्ही त्यांच्याच भाषेत म्हणालात, "नाद लागना नही भाऊ, तो तसाच शे."

अप्पा कापूसवाले, त्यांचं डोकं बियाण्याकडे गेलं. म्हणे मग बियाण्यातच दोष का, माझ्याकडून आला का हिच्याकडून? आई दारात उभी होती, तिचं तोंड उतरलं. मला वाटतं लोक नुसतं "जन्मतःच असतं" असं सांगून मोकळे होतात तिथे पुढचा घाव बाईवरच बसतो, कोणाच्या माहेरचं रक्त वगैरे. तुम्ही तिथे मोकळे झाला नाहीत. तुम्ही सांगितलं की २०१९ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत मोठा अभ्यास आला, जवळपास पाच लाख लोकांचा डीएनए तपासला आणि 'गे जीन' असा एक कुठला जीन सापडलाच नाही, बारीक बारीक परिणाम करणारे खूप आहेत, आणि डीएनए बघून कोण कसा निघेल हे सांगता येत नाही. बाळ पोटात वाढतं तेव्हाच्याही काही गोष्टी असतात. पण वळण चुकलं म्हणून, संगत लागली म्हणून पोरगा असा होतो याला पुरावा नाही. हे ठरवून होत नाही, ठरवून बदलत नाही, आणि यात आईची चूक नाही, बापाचीही नाही. आईने तेव्हा पदर तोंडाला लावला ते तुम्ही पाहिलं नसेल, मी पाहिलं.

डॉक्टरची चिठ्ठी पाहून मात्र तुमचा आवाज चढला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला हे आजारांच्या यादीतून काढलंय, भारतातल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलंय, आणि असली 'सुधारायची' ट्रीटमेंट करणं हा डॉक्टरने केलेला गैरप्रकार धरला जाईल असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये लिहून दिलंय. त्या गोळ्या त्या दिवसापासून बंद झाल्या.

काका म्हणाले ही सगळी शहरातली इंग्रजी फॅडं. तुम्ही म्हणालात इंग्रजांनी दिलं ते असे संबंध गुन्हा ठरवणारं १८६० च्या कायद्यातलं ३७७ कलम, जे सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. आणि आपल्या मराठीत र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून लोकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं देत होते, १९३४ ला त्यांच्यावर खटला झाला तर डॉ. बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले. काकांनी मग दुसरी बाजू धरली, आता तर कोर्टानेच नाही म्हटलं ना! सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नाबद्दलचा तो १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल नुकताच होऊन गेला होता. तुम्ही नीट फोड करून सांगितलं, की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करणं संसदेचं काम यावर पाचही न्यायाधीश एक होते, पण जोडप्याच्या नात्याला काहीतरी कायदेशीर मान्यता द्यावी की नाही यावर ३ विरुद्ध २ अशी फूट होती. हा गुन्हा आहे असं एकानेही म्हटलं नाही, आजार आहे असंही नाही. उलट सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं की हे शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या साहेबापुरतं नाही, गावात शेतात राबणारी बाईसुद्धा अशी असू शकते. हे ऐकून आई पहिल्यांदा मधे बोलली, तिच्या माहेरच्या दोन बायकांबद्दल, ज्या आयुष्यभर एका घरात राहिल्या आणि गावाने कधी काही विचारलं नाही. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी अजून लोकांना सांगत असते. "समज भाऊ, त्यानं ठरवलंच असतं, तर?" माळ घालणारा ठरवूनच माळ घालतो, महानुभावांचा उपदेश घेणारा ठरवूनच घेतो, कोणी धर्म बदलतो तोही ठरवून, म्हणून घटना त्यांचा हक्क काढून घेते का? पोराला माणूस म्हणून वागवायला आधी त्याचं रक्त तपासायची गरज काय?

अप्पा गप्प होते. तेव्हा तुम्ही त्या मुलीचं काढलं. त्या पारोळ्याच्या बापाला तू हे सगळं सांगशील का, आणि सांगणार नसशील तर त्या पोरीचा गुन्हा काय? सर, तोपर्यंत आमच्या घरात तिचा विचार कोणी केलाच नव्हता. सगळे भावाचं काय होणार यावर बोलत होते. मी सुद्धा एका घरात सून आहे, मला माहितेय नवऱ्याने बघितलंच नाही तर दोष कोणाला लावतात, मूल झालं नाही तर कोणाला अंगारे धुपारे करतात. दोन पुरुषांनी लग्न केलं तर समाज बुडेल म्हणणारे लोक एका परक्या पोरीला असं खुशाल विहिरीत ढकलायला निघतात आणि त्याला संस्कार म्हणतात, मला याचा राग येतो आणि येत राहील. अप्पांनी संध्याकाळी स्वतः आत्याला फोन केला, आमचं जमत नाही म्हणून सांगा. एवढंच. ती मुलगी आता झेडपीच्या शाळेवर लागली असं ऐकलं. तिला हे काही माहीत नाही, तिच्या वतीनेही तुमचे आभार.

अप्पा पूर्ण बदललेत असं नाही. भावाच्या जोडीदाराला अजून 'पुण्याचा दोस्त' म्हणतात, पण गेल्या हिवाळ्यात भरिताच्या वेळी शेतात त्याला बोलावलं, कापसाच्या वाळक्या पराट्यांच्या जाळावर वांगी भाजायला बसवलं आणि बडगीत ठेचताना त्याचा हात दुखला तर हसले.

जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने लग्नाच्या त्या निकालावरच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या तेव्हा भावाने आधी तुम्हालाच फोन केला होता. तुम्ही म्हणालात कायदा होईल तेव्हा होईल, आज मिळतंय ते कागदावर करून घ्या. त्यांनी केलंय. जॉइंट खातं उघडलं, एकमेकांना नॉमिनी केलं, अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच याला अडकाठी नाही असं स्पष्ट केलेलं आहे. मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे, तो तुम्ही एकदा वाचून द्यावा असं भावाचं म्हणणं आहे, दिवाळीत घेऊन येतोय.

नानींना नमस्कार सांगा. त्यांच्या गुडघ्याचं पुण्यात दाखवायचं असेल तर दोघं मिळून सगळं बघतील, संकोच करू नका.

तुमची विद्यार्थिनी