खाणावळीचा मेन्यू वाचता केलात, त्याबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

मालवणी खाणावळीच्या वेबसाइटवर मेन्यूकार्डाचा फोटो होता. तो काढून तुम्ही तिथे खरा मजकूर घातलात. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मेन्यू ऐकणारे आणि अक्षर मोठं करून वाचणारे आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

छापखान्याची पीडीएफ चढवली की भागलं, असं पुष्कळांना वाटतं. पण ती जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटात असेल तर पडद्यावर ‘कोंबडी वडे’ दिसतात आणि कानावर मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरं पडतात. तुम्ही एकेक पदार्थ युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलात. हे किचकट काम सहसा कुणी अंगावर घेत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवलंत, त्यामुळे फोनमध्ये मराठी आवाज असला तर तोच बोलतो.

‘सोलकढी.........४०/-’ हे ऐकायला फार त्रासाचं. ठिपके, रेघा काढून तुम्ही ‘सोलकढी, ४० रुपये’ केलंत. पापलेटपुढच्या ‘एपीएस’च्या जागी ‘दर आकारानुसार, फोन करून विचारा’ आलं. ते तर डोळस गिऱ्हाइकालाही हवंच होतं! हिरव्या आणि तपकिरी खुणांशेजारी ‘शाकाहारी’, ‘मांसाहारी’ हे शब्द आले. थाळ्या, मासे, भाकरी-वडे यांना नुसती ठळक अक्षरं न देता खरी शीर्षकं दिलीत, म्हणून एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर ‘एच’ दाबत थेट माशांवर जाता येतं.

कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५ : १ लागतो, क्रीम रंगावरची फिकट तपकिरी अक्षरं तुम्ही काळी केलीत. अक्षरांमधलं वाढीव अंतरही काढलंत. इंग्रजीत ते खपून जातं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते. ओळींमध्ये जागा सोडल्यामुळे वेलांट्या आणि उकार आता कापले जात नाहीत. फोटो मोठा केला की नाव दिसे तेव्हा दर पडद्याबाहेर जाई. आता ओळ आपोआप खाली वळते.

एकच विनंती. दर वाढले की पुन्हा नवा फोटो चढवला जातो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. आकडा नेमका कुठे बदलायचा, ते मालकांना एकदा शेजारी बसवून दाखवा. बांगडा तळलेला घ्यायचा की तिखलं, हे सध्या आम्ही घरूनच ठरवून निघतो.

आपले,
मेन्यू ऐकणारे आणि मोठा करून वाचणारे खवय्ये